गोझोच्या किनाऱ्यावरील कोसळलेली कमान आणि चुनखडकाची किमया

भूमध्य समुद्रातील गोझो या छोट्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील 'अझ्युअर विंडो' ही निसर्गनिर्मित कमान ८ मार्च २०१७ रोजी सकाळी वादळी लाटांच्या माऱ्याने समुद्रात कोसळली. सुमारे २८ मीटर उंचीची ही कमान एका बाजूने किनाऱ्याच्या कड्याला जोडलेली होती, तर दुसऱ्या बाजूने समुद्रात उभ्या असलेल्या एका प्रचंड खडकस्तंभावर टेकलेली होती. कमानीबरोबर हा स्तंभही नाहीसा झाला. दुर्घटनेच्या वेळी तेथे कोणी नसल्याने जीवितहानी झाली नाही. मात्र माल्टा या देशाची ओळख बनलेले दृश्य एका सकाळीत पुसले गेले. तत्कालीन पंतप्रधान जोसेफ मस्कट यांनी या घटनेबद्दल तीव्र दुःख व्यक्त केले आणि जगभरातील वृत्तसंस्थांनी 'आधी' आणि 'नंतर' अशी दोन छायाचित्रे शेजारी शेजारी प्रसिद्ध केली.

ही घटना अनपेक्षित होती, असे म्हणता येणार नाही. १९८० च्या दशकात आणि त्यानंतर २०१२ मध्ये कमानीचे मोठे तुकडे निखळून पडले होते. २०१३ मध्ये तज्ज्ञांनी सादर केलेल्या अहवालात कमान तातडीने कोसळण्याचा धोका नसल्याचे नमूद करण्यात आले होते, तरी झीज सुरूच राहील, हेही त्यात मान्य केलेले होते. २०१६ मध्ये शासनाने कमानीवर चढण्यास बंदी घालून १,५०० युरो दंडाची तरतूद केली. तरीही हौशी पर्यटक कमानीच्या माथ्यावर चालत जाऊन छायाचित्रे काढतच राहिले. कमान पडल्यानंतर स्वाभाविकपणे प्रश्न विचारला गेला की, ती वाचवता आली असती काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी माल्टाच्या किनाऱ्याचा खडक समजून घ्यावा लागतो. या किनाऱ्यावर दोन प्रकारची हानी होत असते. एक हानी समुद्र करतो. तीच हानी कमानी, गुहा आणि छोटी आखाते घडवते. दुसरी हानी माणूस करतो आणि तिच्यातून काहीही घडत नाही. या दोहोंची गल्लत झाल्यास जे वाचवणे अशक्य आहे त्यासाठी आक्रोश होतो आणि जे वाचवणे सहज शक्य आहे त्याकडे दुर्लक्ष होते.

माल्टा हा सिसिलीच्या दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटर अंतरावरील द्वीपसमूह आहे. माल्टा, गोझो आणि त्यांच्यामधील चिमुकले कोमिनो ही त्यातील प्रमुख बेटे. तिन्ही मिळून क्षेत्रफळ अवघे ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्म्याहून थोडे अधिक. १९६४ मध्ये ब्रिटिशांच्या अंमलातून स्वतंत्र झालेला हा देश २००४ पासून युरोपीय संघाचा सदस्य आहे. (मुंबई बंदराशी त्याचा एक जुना संबंधही आहे. १८७८ मध्ये रशियाला शह देण्यासाठी ब्रिटिश सरकारने सुमारे सात हजार भारतीय सैनिक मुंबईहून जहाजांनी माल्टाला धाडले होते.) येथील भाषा अरबी मुळाची असून ती रोमन लिपीत लिहिली जाते. किनाऱ्यावरील स्थळांची नावे वाचताना हे ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते. 'वीद' म्हणजे दरी, 'आर' म्हणजे गुहा आणि 'जेब्ला' म्हणजे खडक.

खडकाचे पाच थर

संपूर्ण द्वीपसमूह समुद्रतळावर साचलेल्या गाळाचा बनलेला आहे. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीपासून पुढील दोन कोटी वर्षांच्या काळात उथळ व खोल समुद्रात शैवाल, प्रवाळ, शिंपले आणि सूक्ष्म जीवांचे सांगाडे थरावर थर साचत गेले. नंतर भूकवचाच्या हालचालींमुळे हे थर पाण्याबाहेर उचलले गेले. भूशास्त्रज्ञ त्यांचे तळापासून माथ्यापर्यंत पाच भाग करतात : खालचा प्रवाळी चुनखडक, ग्लोबिजेरिना चुनखडक, निळी चिकणमाती, हिरव्या वाळूचा पातळ थर आणि वरचा प्रवाळी चुनखडक.

हा पाच थरांचा क्रम पाठ असला की किनारा पुस्तकासारखा वाचता येतो. सर्वांत खालचा प्रवाळी चुनखडक कठीण असतो. तो जेथे समुद्राला भिडतो तेथे उभे कडे, गुहा आणि कमानी आढळतात. अझ्युअर विंडो याच खडकाची होती. त्यावरचा ग्लोबिजेरिना हा मऊ, मधाच्या रंगाचा दगड. समुद्रात तरंगणाऱ्या एका सूक्ष्म जीवाच्या नावावरून त्याला हे नाव मिळाले. करवतीने सहज कापता येत असल्याने राजधानी व्हालेटा बहुतांशी याच दगडात बांधली गेली आहे. समुद्राकाठी हा थर झिजून रुंद, सपाट ओटे आणि त्यांत नैसर्गिक तलाव तयार होतात. माल्टाच्या आग्नेय टोकाजवळील 'सेंट पीटर्स पूल' हे स्नानासाठी प्रसिद्ध असलेले आखात असेच घडले आहे.

निळ्या चिकणमातीचे वर्तन अगदी निराळे आहे. ती पाणी धरून ठेवते, ओली झाली की घसरते आणि तिच्या उतारांखाली समुद्र अर्धवर्तुळाकार उपसागर कोरतो. माल्टाच्या वायव्येकडील मोजके वालुकामय किनारे अशा उपसागरांत आहेत. मातीच्या डोक्यावर वरचा प्रवाळी चुनखडक जड झाकणासारखा बसलेला असतो. खालची माती सरकू लागली की या झाकणाला भेगा पडतात आणि घराएवढ्या शिळा सुटून उताराने समुद्राकडे निघतात. अशा शिळांनी भरलेल्या उताराला माल्टी भाषेत 'र्दूम' म्हणतात. वाटसरूला तो केवळ दगडांचा पसारा वाटतो. प्रत्यक्षात तो अत्यंत संथ गतीने चाललेला भूस्खलनाचा प्रवाह असतो.

समुद्र कमान कशी कोरतो

कमानीची सुरुवात भेगेपासून होते. भूकवचातील ताणांमुळे माल्टाच्या खडकात उभ्या भेगांचे जाळे आहे. लाट कड्यावर आदळते तेव्हा भेगेतील हवा क्षणार्धात दाबली जाते आणि लाट मागे सरताच तितक्याच वेगाने प्रसरण पावते. दिवसातून हजारो वेळा बसणाऱ्या या धक्क्यांनी भेग रुंदावते. खारे पाणी आत शिरून सुकते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि खडकाचे कण सुटे होतात. वरून झिरपणारे पावसाचे पाणी किंचित आम्लधर्मी असल्याने चुनखडक विरघळवते. पाण्याच्या पातळीवर राहणारे शैवाल, शंखवर्गीय प्राणी आणि समुद्री साळिंदरे खडक खरवडून त्यात भर घालतात.

कोकणच्या वाचकांना येथे एक फरक लक्षात येईल. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या भरतीच्या वेळी पाण्याची पातळी चार ते पाच मीटरपर्यंत वरखाली होते आणि लाटांचे काम तेवढ्या उंचीच्या पट्ट्यात विभागले जाते. भूमध्य समुद्र जवळपास बंदिस्त असल्याने माल्टा येथे भरती-ओहोटीतील फरक काही सेंटिमीटरांचाच असतो. परिणामी सारी झीज एकाच अरुंद पट्ट्यात एकवटते आणि कड्याच्या पायथ्याशी कुऱ्हाडीने घाव घातल्यासारखी आडवी खाच पडते. खडकाचा प्रकारही भिन्न आहे. हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावरील काळ्या बेसाल्टमध्ये लाटांनी कोरलेली भोके व रांजण दिसतात. परंतु बेसाल्ट चुनखडकाप्रमाणे पावसाच्या पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्यात पाण्याने पोखरलेल्या विस्तीर्ण गुहा घडत नाहीत. आपल्या देशात माल्टाशी तुलना करायचीच झाल्यास अंदमानातील शहीद द्वीप, म्हणजे पूर्वीचे नील बेट, येथील प्रवाळी खडकाच्या नैसर्गिक पुलाशी करावी लागेल.

भेगेची गुहा होते. समुद्रात घुसलेल्या भूशिराच्या दोन्ही बाजूंनी गुहा खोल होत गेल्या की मधली भिंत फुटते आणि कमान तयार होते. कमानीचे छत पातळ होत होत एके दिवशी पडते आणि समुद्रात एकाकी सुळका उरतो. शेवटी सुळकाही जातो. अझ्युअर विंडोच्या बाबतीत छत आणि स्तंभ एकाच वादळात गेले, इतकाच काय तो अपवाद. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरील 'लंडन ब्रिज' या दुहेरी कमानीचा जमिनीकडील भाग १९९० मध्ये कोसळला तेव्हा दोन पर्यटक पलीकडच्या खडकावर अडकले होते आणि त्यांची हेलिकॉप्टरने सुटका करावी लागली. गालापागोस बेटांजवळील 'डार्विन्स आर्च' २०२१ मध्ये पडली. कमान हा खडकाच्या आयुष्यातील उतारवयाचा टप्पा आहे. तिला सिमेंटचा टेकू देता आला असता का, यावर माल्टामध्ये चर्चा झाली. परंतु खुल्या समुद्रात, वायव्येच्या वाऱ्यासमोर तसे बांधकाम करणे अवघड होते आणि केले असते तरी जे उरले असते त्याला निसर्गनिर्मित म्हणणे कठीण झाले असते. कमान पडल्यानंतर एका रशियन वास्तुविशारदाने तिच्या जागी आरशासारख्या पोलादी पृष्ठभागाची तशाच आकाराची वास्तू उभारण्याचा प्रस्ताव मांडला होता. तो प्रत्यक्षात आला नाही, हे बरेच झाले, असे म्हणावेसे वाटते.

दाबलेल्या हवेची शक्ती किती असते, याची एक कथा गोझोच्या उत्तर किनाऱ्यावर सांगितली जाते. अठराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी व चित्रकार झाँ हूएल याने ती नोंदवून ठेवली आहे. एका घड्याळजीकडे समुद्राकाठी नापीक जमीन होती. तिच्यावर मिठागर करावे, या हेतूने त्याने खडकात खाचे खोदले आणि खालच्या गुहेतील समुद्राचे पाणी वर ओढता यावे म्हणून गुहेच्या छतापर्यंत उभा कूपही खोदला. हिवाळ्यात वादळ आले. लाटा गुहेत घुसल्या आणि त्या कूपातून पाण्याचा उंच स्तंभ आकाशात उसळला. खाऱ्या पाण्याचे तुषार वाऱ्याने शेतांवर पसरले आणि पिके करपली. शेतकऱ्यांनी घड्याळजीवर दावा दाखल केला. मात्र निकाल लागण्यापूर्वीच तो मरण पावला. लोकांनी कूप दगडांनी बुजवला, तेव्हा कोंडलेली हवा तोफेसारखी गर्जू लागली, असे हूएल लिहितो. कथेत अतिशयोक्ती किती, हा भाग वेगळा. परंतु लाट, गुहा आणि हवा यांचे कार्य तिच्याइतक्या नेमकेपणाने क्वचितच एखादे पाठ्यपुस्तक सांगत असेल. त्याच परिसरात श्वेय्नी येथे ग्लोबिजेरिना खडकात कोरलेली मिठागरे आजही आहेत आणि काही कुटुंबे दर उन्हाळ्यात तेथे मीठ गोळा करतात.

द्वेइरा : कमानीविना उरलेले

अझ्युअर विंडो ज्या परिसरात होती तो द्वेइरा कमानीविनाही माल्टातील सर्वांत लक्षणीय किनारा आहे. पर्यटक पूर्वी कमानीचे छायाचित्र काढून परतत असत. आता त्यांना उर्वरित परिसराकडे पाहण्यास सवड मिळते.

नकाशावर पाहिल्यास येथील उपसागर जवळजवळ वर्तुळाकार असल्याचे दिसते. हे वर्तुळ लाटांनी कोरलेले नाही. फार पूर्वी जमिनीखालील चुनखडक पाण्याने विरघळून प्रचंड पोकळ्या निर्माण झाल्या, त्यांची छते खचली आणि वरचे सारे थर शेकडो मीटर व्यासाच्या विवरात खाली बसले. पुढे समुद्राने विवराची बाहेरची भिंत फोडली आणि आत प्रवेश केला. द्वेइराचा उपसागर असा घडला. त्याच्या शेजारच्या विवराची भिंत मात्र अद्याप शाबूत आहे. तेथे समुद्राला केवळ एक भेग सापडली. तिच्यातून सुमारे ८० मीटर लांबीचा नैसर्गिक बोगदा तयार झाला आणि कड्याच्या आत एक शांत, उथळ सरोवर साकारले. त्यास 'अंतर्गत समुद्र' असे म्हणतात. काठावर मच्छीमारांच्या खोल्या आहेत. हवा चांगली असेल तेव्हा छोट्या होड्या पर्यटकांना या अंधाऱ्या बोगद्यातून खुल्या समुद्रात नेतात. बोगद्याच्या बाहेरच्या तोंडाशी तळ एकाएकी खोल जातो आणि पाण्याचा हिरवा रंग गडद निळा होतो.

उपसागराच्या मुखाशी सुमारे ६० मीटर उंचीचा एक प्रचंड खडक उभा आहे. माल्टी भाषेत त्यास 'सेनापतीचा खडक' या अर्थाचे नाव आहे, तर इंग्रजीत त्याला 'फंगस रॉक', म्हणजे बुरशीचा खडक म्हणतात. हे इंग्रजी नाव चुकीच्या समजुतीवर आधारलेले आहे. त्या खडकावर उगवणारी, गदेच्या आकाराची, रक्तवर्णी वनस्पती बुरशी नसून दुसऱ्या वनस्पतींच्या मुळांवर जगणारी सपुष्प परोपजीवी आहे. तिचे शास्त्रीय नाव सायनोमोरियम कॉक्सिनियम. तिचा रंग रक्तासारखा, म्हणून ती रक्तस्राव थांबवते, असे त्या काळातील वैद्य मानत. माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांनी ती युरोपातील राजघराण्यांना नजराणा म्हणून पाठवली. १७४६ मध्ये ग्रँड मास्टर पिंटो याने खडकावर जाण्यास मनाई केली. मनाई मोडणाऱ्यास तीन वर्षे गलबतावर वल्ही मारण्याची शिक्षा होती. खडकाच्या बाजू चढता येऊ नयेत म्हणून तासून गुळगुळीत करण्यात आल्या आणि ये-जा करण्यासाठी किनाऱ्यापासून दोरावर सरकणारी पेटी बसवण्यात आली. समोरच्या टेकाडावर १६५२ मध्ये बांधलेला टेहळणी बुरूज आजही उभा आहे. आधुनिक वैद्यकाने त्या वनस्पतीच्या कीर्तीस दुजोरा दिलेला नाही. मात्र खडक आता राखीव निसर्गक्षेत्र असून तेथे जाण्यास अद्यापही मनाई आहे. कारण बदलले, बंदी टिकली.

कोसळलेल्या कमानीच्या जागेजवळ 'ब्लू होल' आहे. सुमारे दहा मीटर रुंदीची ही पाण्याने भरलेली खडकातील विहीर पाण्याखालील एका कमानीतून समुद्राला जोडलेली आहे. २०१७ च्या वादळात ती सुरक्षित राहिली. पाणबुड्यांनी नंतर केलेल्या पाहणीत कमानीचे अवाढव्य तुकडे तळावर पसरलेले आढळले. ताज्या तुटलेल्या खडकावर हळूहळू शैवाल आणि इतर सागरी जीव वस्तीला येऊ लागले आणि त्या ठिकाणी पाणबुड्यांसाठी एक नवे आकर्षण निर्माण झाले.

समुद्राने केलेल्या हानीची ही एक बाजू. दुसऱ्या प्रकारच्या हानीचे उदाहरणही द्वेइरा येथेच सापडते. २०१० च्या अखेरीस 'गेम ऑफ थ्रोन्स' या दूरचित्रवाणी मालिकेतील एका विवाहप्रसंगाच्या चित्रीकरणासाठी येथील संरक्षित खडकावर बांधकामाची वाळू पसरण्यात आली. या खडकात जीवाश्म आहेत आणि त्याच्या खळग्यांत लहान जीव राहतात. पर्यावरणवादी संघटनांनी आक्षेप घेतला, चौकशी झाली आणि वाळू काढण्यात आली. पण वाद बराच काळ धुमसत राहिला. गंमत अशी की, त्या प्रसंगाच्या पार्श्वभूमीवर दिसणारी कमान पुढे आपोआप गेली आणि ज्या सपाट खडकाकडे प्रेक्षकांचे लक्षही गेले नसेल, त्याचे रक्षण करणे मात्र माणसाच्या हाती होते.

दक्षिणेची निळाई

माल्टा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर वीद इझ-झुरी या अरुंद आखातातून होड्या 'ब्लू ग्रोटो' या गुहासमूहाकडे निघतात. मुख्य कमान सुमारे ३० मीटर उंच आहे. तिचे स्थानिक नाव 'ताह्त इल-ह्नेय्या', म्हणजे 'कमानीच्या खाली'. यातील 'ताह्त' हा शब्द भारतीयांना परका नाही. हिंदी बातम्यांत पदोपदी येणारा 'के तहत' याच अरबी शब्दापासून आला आहे. 'ब्लू ग्रोटो' हे नाव इटलीतील काप्री बेटावरच्या प्रसिद्ध गुहेची आठवण करून देते. मूळ नाव साधे असले तरी अधिक अचूक आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

येथील पाणी इतके निळे का, असा प्रश्न प्रत्येक जण नावाड्याला विचारतो. माल्टावर बारमाही नदी नाही, त्यामुळे गाळ समुद्रात येत नाही. या भागातील समुद्रात पोषक द्रव्ये कमी असल्याने तरंगणारे सूक्ष्म जीवही विरळ असतात. अशा स्वच्छ पाण्यात सूर्यप्रकाशातील तांबडा भाग लवकर शोषला जातो आणि निळा खोलवर जाऊन तळावरील पांढऱ्या वाळूवरून परततो. गुहेत वरून प्रकाश कमी आणि पाण्यातून अधिक येत असल्याने पाणी आतूनच उजळल्यासारखे भासते. सूर्य गुहांच्या दिशेने असतो त्या सकाळच्या वेळी हा परिणाम सर्वाधिक जाणवतो. दुपार टळल्यावर तीच गुहा सामान्य दिसते.

होडीतून दक्षिणेकडे पाहिल्यास काही किलोमीटरवर फिल्फ्ला हे टेबलासारखे निर्जन बेट दिसते. ब्रिटिश नौदलाने ते १९७१ पर्यंत तोफांच्या व विमानांच्या नेमबाजीच्या सरावासाठी वापरले. स्फोटांनी त्याच्या कडा ढासळल्या आणि आसपास तोफगोळ्यांचे अवशेष साचले. तरीही वादळपाखरू नावाच्या लहान सागरी पक्ष्याची मोठी वसाहत तेथे टिकून राहिली आणि जगात अन्यत्र न आढळणारी सरड्याची एक उपजातही. १९८८ मध्ये बेटाला राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यात आला असून परवानगीशिवाय तेथे उतरता येत नाही.

गोझोच्या उत्तरेकडील वीद इल-आस्री हे आखात मात्र लाटांचे नव्हे, तर पावसाच्या पाण्याचे काम आहे. हिमयुगात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होती आणि माल्टा सिसिलीला जोडलेला होता. त्या काळात ओढ्यांनी खोल घळी कापल्या. बर्फ वितळून समुद्र चढला तेव्हा त्यांची मुखे बुडाली. उंच भिंतींमध्ये नागमोडी वळणे घेत आत आलेले हे पाणी समोरून दिसतच नाही. काठावर पोहोचल्यावरच उलगडते. श्लेंडी आणि म्जार इश-शिनी ही आखातेही अशीच बुडालेल्या दऱ्यांची मुखे आहेत.

गर्दीचा भार

समुद्राच्या हानीवर उपाय नाही. गर्दीच्या हानीवर आहे, परंतु तो अमलात आणण्यास माल्टाला बराच काळ लागला. कोमिनो बेटावरील 'ब्लू लगून' हे कोमिनो आणि एका लहान खडकाळ बेटामधील पांढऱ्या वाळूचे उथळ पाणी. साडेतीन चौरस किलोमीटरच्या या बेटावर कायमची वस्ती मोजक्या माणसांची. परंतु उन्हाळ्याच्या एका दिवसात तेथे हजारो पर्यटक मोठ्या नौकांमधून उतरू लागले. खडकावर खुर्च्या व छत्र्यांच्या रांगा लागल्या, कचरा साचला, उंदीर वाढले आणि तुडवल्या गेलेल्या झुडपांखालची तुटपुंजी माती पावसाने वाहून जाऊ लागली. नौकांचे नांगर समुद्रतळावरील पॉसिडोनिया या गवतासारख्या वनस्पतीची कुरणे उपटतात. ही वनस्पती वाळू धरून ठेवते, माशांना आसरा देते आणि वर्षाला केवळ काही सेंटिमीटर पसरते. नांगराने पाडलेली खळगी भरून येण्यास कित्येक दशके लागतात.

२०२२ मध्ये आंदोलकांनी ब्लू लगूनच्या काठावरील भाड्याच्या खुर्च्या उचलून बाजूला ठेवत जागा मोकळी केली. अखेर मे २०२५ पासून शासनाने पूर्वनोंदणीची पद्धत सुरू केली. तिच्यानुसार दिवसाचे टप्पे पाडून एका वेळी चार हजारांहून अधिक लोकांना प्रवेश दिला जात नाही आणि नोंदणी केलेल्यांना मनगटी पट्टी दिली जाते. नोंदणी निःशुल्क आहे. चार हजार हा आकडाही त्या चिंचोळ्या जागेसाठी मोठाच आहे, अशी टीका होते आणि ती रास्त आहे.

या किनाऱ्यांना भेट देऊ इच्छिणाऱ्यांनी ऋतू आणि वारा यांचा विचार करणे आवश्यक आहे. जुलै व ऑगस्टमध्ये उष्णता आणि गर्दी दोन्ही असह्य होतात. मे, जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ योग्य. माल्टात वायव्येचा वारा सर्वाधिक वाहतो. त्याला तेथे 'मय्यिस्त्राल' म्हणतात. तो जोरात असेल तेव्हा द्वेइराच्या होड्या बंद राहतात, मात्र दक्षिण किनारा बहुधा शांत असतो. दक्षिणेचा वारा सुटला की याच्या उलट घडते. कड्याच्या कडेपासून आणि गुहांच्या छतांपासून दूर राहावे. ताज्या, फिकट रंगाच्या खडकाचा डाग दिसल्यास तेथून नुकताच तुकडा निखळला आहे, असे समजावे. जुना, उघडा पडलेला खडक करड्या रंगाचा होतो, ही ओळखण्याची सोपी खूण आहे.

माल्टाच्या उत्तर टोकावरील चिर्केव्वा बंदरातून गोझोला जाणारी फेरीबोट सुमारे २५ मिनिटांत पोहोचते. गोझोच्या वायव्य किनाऱ्यावर, आर्ब गावापलीकडे, वीद इल-मीलाह या दरीच्या मुखाशी आणखी एक नैसर्गिक कमान आहे. अझ्युअर विंडो असताना तिच्याकडे फारसे कोणी फिरकत नसे. २०१७ नंतर वाटाड्ये पर्यटकांना तेथे नेऊ लागले आहेत. ही कमानही चुनखडकाचीच असून तिच्या समोरचा समुद्रही तोच आहे.